हयातीत दिलेले नाव

निरोप आला तेव्हा मी वडूजच्या कचेरीसमोर, लिंबाखालच्या माझ्या नेहमीच्या जागी, एका वाटणीच्या तंट्याचा अर्ज लिहीत होतो. मोटारीतून उतरलेला आमच्याच गावचा एक माणूस पायऱ्यांशी थांबला आणि सर्वांनाच उद्देशून म्हणाला, "म्हातारबा गेलं. काल, सांगलीत." शेजारच्या स्टँपविक्रेत्याने मान वर न करता विचारले, "कुठला म्हातारा?" चहावाल्यास वाटले, कोणाचा तरी आजा गेला असावा. कचेरीच्या आवारातील निम्मी माणसे मृतास अर्ध्या आयुष्यापासून ओळखत होती, त्याच्या पैरणीच्या खिशातील भुईमुगाच्या शेंगा खाल्लेली होती. परंतु पिराजी गेला, हे त्यांपैकी एकाच्याही ध्यानी आले नाही. मी दौतीचे झाकण लावले. पक्षकारास सांगितले की आज उरलेले काम होणार नाही. तो काही बोलणार होता, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून उठला. त्या गर्दीत आपण एकटेच कोणासाठी तरी सुतकी झालो आहोत, ही भावना मोठी चमत्कारिक असते... आपले दुःखच खरे की खोटे, असे वाटू लागते.

त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी माझी त्याची शेवटची भेट झाली होती. दाव्याच्या एका कामाने मी सांगलीस गेलो होतो. संस्थान नुकतेच विलीन झालेले, जुन्या पाट्या उतरत होत्या, आणि कोणता कागद कोणत्या कचेरीत चालेल हे कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हते. पिराजीचा मुलगा यशवंता पलटणीतून सुटल्यापासून तेथेच विश्रामबागेत पहारेकरी म्हणून नोकरीस आहे. पिराजीच्या पोटात पाणी झाले, गावच्या औषधांचा गुण येईना, म्हणून यशवंताने त्याला आणून ठेवले होते. त्या दिवशी त्यास दवाखान्यात दाखल करावयाचे होते. मीही सोबत निघालो, कारण कागदपत्र म्हटले की ते घर माझ्याशिवाय एक रेघ ओढीत नसे.

दवाखान्याच्या खिडकीमागील कारकुनाने टाक बुडवून विचारले, "रोग्याचं नाव?"

"पिरा..." यशवंताने सुरुवात केली मात्र, आणि बाकावर अर्धवट आडवा पडलेला पिराजी, ज्यास पाऊलभर चालवत नव्हते, तो उठून उभा राहिला. त्याने मुलाचे मनगट धरले आणि म्हणाला, "म्हातारबा. म्हातारबा सखाराम."

"अहो आजोबा, वय मागाहून विचारतो. आधी नाव सांगा."

"त्येच नाव हाय. लिवा."

मी त्याच्या कानाशी लागलो. शेताच्या उताऱ्यावर पिराजी, पलटणीच्या पेन्शनीवर पिराजी. येथे भलते नाव गेले तर उद्या वारसांना चौकशीचे फेरे पडतील, आणि ते सारे मलाच निस्तरावे लागेल. कायद्याची बाजू मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितली. त्याने ती ऐकून घेतली. मग माझ्या उपरण्याचा पदर मुठीत धरून, हळू पण इतक्या करड्या आवाजात म्हणाला की कारकुनाचाही टाक थांबला...

"तात्या, हितं आल्याली समदीच माघारी जात न्हाईत. त्या वहीत माझ्या नातवाचं नाव घालतूस व्हय रं?"

कारकुनाने एकवार आमच्या तिघांकडे पाहिले आणि मुकाट्याने 'म्हातारबा' असे लिहिले. पिराजी पुन्हा बाकावर बसला. बोलावणे आले तेव्हा तो भिंतीला धरून आत गेला. जाताना माझ्याकडे वळून त्याने डोळे मिचकावले, जणू सरकारला फसवून आम्ही दोघे एखादी वस्तू घेऊन चाललो आहोत.

पिराजीच्या नातवाचे नाव पिराजी आहे. आजोबाच्या हयातीत त्याचे नाव नातवास ठेवण्याची चाल आमच्या मुलखात नाही. नाव ठेवावे ते गेलेल्या माणसाचे. जिवंत माणसाचे नाव पाळण्यात घालणे म्हणजे त्या माणसाला घराबाहेर काढून दार लावून घेणे, असे आमच्या बायका मानतात आणि पुरुष हसतात, परंतु तसे करीत मात्र कोणीच नाही. ती गोष्ट पिराजीच्या घरात घडली, ती कशी घडली, आणि तीत माझा हात किती होता, हे लोकांत वेडेवाकडे बोलले जाते. सबब जे माझ्या डोळ्यांदेखत झाले ते येथे लिहून ठेवतो.

मुळात हे नाव त्याच्याकडे आले तेच भयापोटी. त्याच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तेव्हा त्याच्या आईने गावाबाहेरच्या पिराला नवस केला आणि हा जगला. लहानपणी मोहरमात त्याच्या गळ्यात हिरवा दोरा घालीत, झोळी देऊन त्याला घरोघर फिरवीत, आणि आम्ही मुले त्याच्या मागून ओरडत जात असू. तो चिडत नसे. झोळीत पडलेला मलिदा, म्हणजे गुळात कुस्करलेली चपाती, तो आम्हालाच वाटी, आणि ओरडणाऱ्याला घास जरा मोठा देई. मराठी चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर होतो. पुढे त्याने शाळा सोडली, मी आणखी काही काळ रेटली, आणि मग एका जुन्या मुनशींच्या हाताखाली अर्ज लिहिण्याची विद्या घेतली. आज या तालुक्यात माझ्या मसुद्याला नाव ठेवणारा मामलेदार व्हावयाचा आहे.

पिराजी पहिल्या लढाईत पलटणीत गेला. बसऱ्याहून पुढे इराणच्या हद्दीपर्यंत जाऊन आला. तिकडची एकच हकीकत तो पुन्हा पुन्हा सांगे. कोठल्याशा ओढ्याच्या उतारावर एका म्हातारीचे गाढव ओझ्यासकट बसले होते. ह्याने बंदूक दुसऱ्याकडे देऊन ते ओझे उचलून दिले. म्हातारीने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "पीर शी! पीर शी!"

"माझी तर बोबडीच वळली गड्या," पिराजी सांगे. "म्हटलं आयला, इतक्या लांब हिला माझं नाव कुणी सांगितलं? आमचा मुनशी पंजाबी. त्यो हसाया लागला. म्हनला, नाव न्हाई घेत ती, आशीर्वाद देतीया. म्हातारा हो, म्हनतीया. लढाईतल्या पोरास्नी ह्येच म्हनत्यात तितं."

माझ्या मुनशींनीही मला हेच शिकवले होते. पीर हा शब्द मूळचा फारसी. त्याचा पहिला अर्थ वृद्ध, पिकलेला माणूस. साधू, सत्पुरुष, ज्याच्या थडग्यावर चादर चढते तो, हे सारे अर्थ वयाच्या आदरापोटी मागाहून आले. जमीन, फिर्याद, गुन्हेगार, दस्तऐवज, दरवाजा, हे शब्द आम्ही जसे इराणातून आणून घरचे केले, तसेच हेही. मला त्यात मोठी शोभा वाटे. ज्या बाईचे दोन मुलगे पाळण्यात गेले, तिने तिसऱ्याचे नाव नकळत 'म्हातारा' ठेवले होते. याहून मोठे मागणे कोणती आई मागणार आहे? मी हे पिराजीला एकदा समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आईला म्हाईत नव्हतं. पर पिरबाबाला आसंल."

ही आमची गंमत होती. ती गंमत राहिली नाही, त्या दिवसाकडे आता येतो.

दुसरी लढाई ऐन भरात होती. यशवंता पलटणीबरोबर दूर कोठेतरी होता, त्याचे पत्र आले तर आले. घरी त्याची बायको शेवंता. तिची दोन मुले अशीच गेली होती, दोन्ही महिन्याच्या आत, दोन्ही एकाच तऱ्हेने... अंगावर पिणे सोडले, आवाज बारीक झाला, आणि संपले. तिसऱ्या खेपेस मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसे. मी आणि पिराजी बाहेर ओसरीवर पुरुषमंडळींत बसलो होतो. आत बायका गाणी म्हणत होत्या. पिराजीची मुलगी हौसा, म्हणजे बाळाची आत्या, नाव घालणार होती. नाव दत्ताजी ठरले होते. घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. एकाएकी आतली गाणी थांबली.

बाळाने सकाळपासून तोंड लावले नव्हते. शेवंताने ते कोणास सांगितले नव्हते. आता पाळण्यावर वाकलेल्या हौसाचा हात तिने धरला होता. "थांबा वन्सं," एवढेच तिचे शब्द बाहेर आम्हाला ऐकू आले. मग पिराजीच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला. या बहिणीला सारा गाव अक्का म्हणतो. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि भावाच्या पाठीशी उभी राहिली. आई गेल्यावर पिराजीला तिनेच वाढवला.

"कशापायी थांबायचं? वेळ टळतीया."

"म्या नवस बोललेय."

"कुणाला?"

"हिरव्या चादरीच्या बाबाला."

बाहेर बसलेल्या आम्हा सर्वांना हे नवे नव्हते. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यावयाचे नाही. शेवंता या घरात आल्यापासून तिने पीर हा शब्दसुद्धा कधी उच्चारला नव्हता. ती देवस्थानाला 'हिरव्या चादरीचा बाबा' म्हणे.

"काय बोललीस?" अक्काने विचारले.

उत्तर नाही.

"आगं, काय नाव बोललीस? तोंड हाय का न्हाई?"

तरी उत्तर नाही. पुढचे मला हौसाने सांगितले. शेवंताने पदर कपाळावर ओढला आणि नुसती दाराबाहेर पाहत राहिली, ओसरीवर जेथे सासऱ्याचे मुंडासे दिसत होते तेथे. नवस करताना दर्ग्याच्या मुजावराने तिला विचारले होते, "नाव कोणतं ठेवशील, बेटी?" तिला ते उच्चारता येईना, म्हणून तिने थडग्याकडे बोट केले. मुजावर म्हणाला, "ठीक आहे, तेच ठेव." त्या घटकेस तिला केवळ देव दिसत होता. ते नाव घरातल्या जित्या माणसाचे आहे, हे तिला दर्ग्याच्या पायऱ्या उतरताना कळले. आणि ज्या नावाचा उच्चारच करावयाचा नाही, ते मागे तरी कसे घ्यावे? नऊ महिने तिने ते पोटातच ठेवले होते.

अक्काला कळावयास वेळ लागला नाही. तिचा आवाज असा फुटला की ओसरीवरची म्हातारी माणसेही दचकली. "माझ्या भावाचं नाव पाळण्यात घालतीस? जित्या माणसाचं? तुझं पोर जगावं म्हणून माझा भाऊ मरूंदे व्हय गं?"

"न्हाई वो अक्का..." शेवंता रडू लागली. "पर ह्ये दूध घेईना झालंय."

पाळण्यातून मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज येत होता, आणि तो मध्येच थांबत होता. एका बाजूला दोन मुले पुरलेली आई, दुसऱ्या बाजूला एकुलत्या भावाला मांडीवर वाढवलेली बहीण. कोणाचे खोटे होते? मी अनेक तंट्यांचे कागद लिहिले आहेत, पण दोन्ही पक्षकार खरे, असा तंटा मी तेवढा एकच पाहिला.

पिराजी माझ्याकडे वळला. "तात्या, कायतरी काड. तुला आर्थ म्हाईत हाय न्हवं?"

मी उठून दाराशी गेलो आणि आतील मंडळींस अर्थ समजावून सांगितला. पीर म्हणजे वृद्ध, म्हणजे म्हातारा. म्हातारबा हे नाव आपल्याकडे चालते. मुलाचे नाव म्हातारबा ठेवावे. नवसाचा अर्थ पुरा होतो आणि आजोबाच्या नावालाही धक्का लागत नाही. मला वाटले, मी फार मोठी वाट काढली. अक्का लगेच म्हणाली, "ठेवा म्हातारबा! घाल गं हौसे!"

परंतु शेवंताने मान हलवली. पदराआडून ती जे बोलली ते मी आजवर विसरलो नाही. "बाबाला म्या आर्थ न्हाई बोलले, तात्या. नाव बोलले."

हौसा पाळण्याची दोरी धरून तशीच उभी. अक्का शेवंताकडे पाहीना, शेवंता अक्काकडे पाहीना. मग पिराजी उठला. बारशाच्या खोलीत पुरुष जात नाहीत. तो गेला. बायका भिंतीला सरकल्या. त्याने मुंडासे उतरून खाली ठेवले, पाळण्यापाशी गुडघ्यावर बसला आणि बाळाच्या पायाला बोट लावले.

"हौसा, घाल नाव."

"कुठलं, आबा?"

"बाबाला बोललंय ते."

"पिऱ्या!" अक्का किंचाळली. "जितेपनी नाव देतूस? तुझं काय ऱ्हाईल मागं?"

"तात्यानं काडलंय की दुसरं. ते मी घेतो." मग दारातल्या माझ्याकडे बघून हसला, पण त्याच्या गालाची शीर उडत होती. "बघा की, केस काळं हाईत तवर मलाच म्हातारा केलासा. आजपास्नं मी म्हातारबा. पिराजी ह्यो. माझं नाव आन् ह्येचं नाव येक न्हाई. मंग भ्या कशाचं?"

हौसाने बाळाच्या कानात नाव सांगितले. कोणी गाणे म्हटले नाही. अक्का उठून परसात गेली आणि दिवेलागणीपर्यंत आत आली नाही.

मूल जगले. त्याने दूध केव्हा घेतले, त्या सायंकाळी की दुसऱ्या दिवशी, यावर घरात एकमत नाही. मात्र महिना उलटला तेव्हा शेवंता त्याला घेऊन मलिदा द्यायला दर्ग्यावर गेली, आणि पिराजी तिच्या मागून दहा पावलांवर चालत होता. मूल जगले म्हणून घरातील ताण सुटला, असे वाचकांस वाटेल. उलट झाले. आता सर्वांच्या नजरा पिराजीवर खिळल्या. तो खोकला की अक्का शेवंताकडे पाही. त्याने ताट अर्धे टाकले की शेवंता चुलीपुढे थिजून बसे. आणि अशातच त्या उन्हाळ्यात मोटेचा नाडा तुटला. बैल धावेच्या उतारावरून कोलमडले, पिराजी विहिरीच्या काठावर आपटला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याला बाजेवर घालून घरी आणले तेव्हा मी तेथेच होतो. अक्काने सुनेकडे बोट केले. शेवंता पोराला छातीशी धरून खांबाला टेकली होती. अक्काचे तोंड उघडले, आणि बाजेवरून कण्हत कण्हत आवाज आला, "अक्का... गप. पडला त्यो म्हातारबा. पिराजी तिच्या काखंत हाय बघ."

तेव्हापासून तीच त्याची रीत झाली. जे वाईट येईल ते म्हातारबाच्या नावावर. पाय मुरगळला, म्हातारबाचा. पीक गेले, म्हातारबाचे. पिराजीचे काही बिघडत नसे. पिराजी अंगणात रांगत होता. यशवंताला पत्रे मीच लिहीत असे. 'पिराजी आता उभा राहू लागला, म्हातारबांच्या बरगड्या सांधल्या,' असे वाचून तो बिचारा पलटणीत गोंधळला आणि त्याने उलट विचारले की बापाला उभे राहता येत नव्हते, हे मला का कळवले नाही? ते पत्र मी वाचून दाखवले तेव्हा अक्कासुद्धा हसली. बारशापासून ती हसलेली मी तेव्हा प्रथम पाहिली.

पण त्याने हा खेळ म्हणून केला नव्हता. वडूजच्या बाजारात एकदा मी त्याच्याबरोबर चाललो असता त्याच्या जुन्या पलटणीतला एक सोबती गर्दीतून ओरडला, "पिराजी! आरं ए पिराज्या!" इराणच्या मुलखात ज्याच्या पाण्याच्या बाटलीतून हा प्याला, तो माणूस. पिराजीचे पाऊल जागच्या जागी थबकले. त्याची पाठ ताठ झाली. मला वाटले, आता वळेल. तो वळला नाही. ती हाक दुसऱ्या कोणाची आहे अशा थाटात तो पुढे चालू लागला. मागच्या हाका हळूहळू थांबल्या. भाजीच्या ओळी संपल्यावर मी म्हणालो, "अरे, एक शब्द बोलला असतास तर काय झाले असते?"

"वळलो आसतो तर नाव माघारी घेतल्यागत झालं आसतं," तो म्हणाला, आणि उपरण्याने डोळे पुसले.

एकच गोष्ट त्याच्या मनासारखी झाली नाही. शेवंता मुलाला नावाने हाक मारीत नसे. 'सोन्या' म्हणे, 'बारक्या' म्हणे. ओढ्यावर गेलेल्याला बोलवायचे तर हौसाला किंवा अक्काला पाठवी. पिराजी तिला पुष्कळदा म्हणाला, "सूनबाई, ते नाव आता माझं न्हाई. तुझ्या लेकाचं हाय. मार की हाक." ती पदरात हसे आणि कामाला लागे. त्याची समजूत अशी की सुनेच्या तोंडून ते नाव निघाले की आपली त्यातून कायमची सुटका झाली. "तिनं येकदा हाक मारल्याली ऐकायची हाय, तात्या. तवा मला खरं वाटंल." मी हे शेवंताला एकदा बोलून दाखवले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मामंजी हाईत तवर ते नाव त्यांचंच हाय, तात्या. म्या हाक मारली म्हंजी त्ये न्हाईत आसं झालं. म्या कशी मारू?" एक जण आपण त्या नावात नाही हे सिद्ध करावयास झटत होता, आणि दुसरी तोंड मिटून त्याला त्या नावात राखीत होती. दोघांनाही परस्परांचा जीव हवा होता.

मग पोटात पाणी झाले, सांगली झाली, आणि निरोप आला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर गेला. त्याचे नाव घेतलेला नातू आता पाच वर्षांचा आहे.

गेल्या आठवड्यात वारसाच्या नोंदीसाठी मी त्यांच्या घरी गेलो. यशवंता सांगलीहून आला होता. अक्का भिंतीला टेकून वाती वळीत होती. पिराजीची बाज तेथेच होती, ओसरीच्या कोपऱ्यात, तिच्यावर घडी घातलेले घोंगडे. मी अर्जाचा मसुदा तयार केला आणि प्रथेप्रमाणे मोठ्याने वाचू लागलो, "सदर जमिनीचा खातेदार मयत पिराजी बिन सखाराम..."

"थांब," अक्का म्हणाली. "काय वाचलास?"

मी पुन्हा वाचले.

"त्या नावाम्होरं त्यो शबुद लिवायचा न्हाई."

"अक्का, कायद्याने तसेच लिहावे लागते. उताऱ्यावर जे नाव तेच..."

"कायदा तुझ्या कचेरीत. हितं पोरगं अंगनात खेळतंय. पिराजी मेला म्हून सरकारला कळवतूस व्हय रं?" तिने हातातली वात माझ्या कागदावर रोखली. "माझा भाऊ जन्मभर... मेला त्यो म्हातारबा. त्येचंच नाव लिव."

ही तीच अक्का, जिने बारशाच्या दिवशी त्या नावासाठी आकाशपाताळ एक केले होते. यशवंता खाली मान घालून बसला होता. मी कागद फाडला. दुसरा घेतला आणि लिहिले, 'म्हातारबा बिन सखाराम, ज्यांच्याकडे पूर्वी सदर खाते पिराजी या नावाने चालत होते, ते मयत झाले असून...' तलाठ्यांनी दुसऱ्या दिवशी नाक मुरडले, ही भाषा कोठली म्हणून विचारले. मी त्यांना सांगितले की ती माझी आहे, आणि नोंद तशीच होईल. झाली.

पण ते दुसऱ्या दिवशीचे. त्या सायंकाळी मसुदा पुरा होईतो दिवस मावळला. पोर ओढ्याकडे गेले होते. शेवंता पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटले, नेहमीप्रमाणे अक्काला म्हणेल, बारक्याला बोलवा. ती उंबऱ्यावर उभी राहिली. एकदा तिने तोंड उघडले आणि मिटले. मग दाराच्या चौकटीला धरून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी तिने हाक मारली...

"पिराजीऽऽ! आरं ए पिराजी!"

आम्हा तिघांच्या माना वळल्या त्या ओढ्याकडे नव्हे, बाजेकडे. अक्काच्या हातातली वात खाली पडली. क्षणभर उत्तर आले नाही, आणि तेवढा वेळ आम्ही सारे त्या घडी घातलेल्या घोंगड्याकडे पाहत राहिलो. मग ओढ्याच्या अंगाने धावती पावले वाजली.

"आलू गं आयेऽ, आलू!"